होडीतली शाळा

२९ नोव्हेंबर १९६३, सानपाडा
पटावर पन्नास, हजर सहा. सातपासून घंटा बडवतोय. बाकीची पोरं आयांबरोबर खाडीच्या चिखलात, निवट्या धरायला. शिक्षणापेक्षा मासा मोठा! वैताग नुसता. हजेरी चाळीसवर गेली की दुसरा शिक्षक मंजूर, आणि मी हेडमास्तर. दिपोटीसाहेब नऊ तारखेला तपासणीला येतायत. सासऱ्यांना 'झालो' म्हणून कळवून टाकलं.

२ डिसेंबर, दुपार
आयडिया! पोरं शाळेत येत नाहीत, तर शाळाच होडीत. बाळाराम कोळ्याच्या दोन होड्या धक्क्याला होत्या, खाडी काठोकाठ. एक वाजता वर्ग भरवला. अठ्ठेचाळीस हजर! साताऱ्याचं डोकं म्हणतात ते हे.

३ डिसेंबर
साहेबांना निरोप धाडला: सोमवारी एक वाजता, तरंगती शाळा. बाळाराम मधेच म्हणाला, "गुरजी, सोमवारी त्या टायमाला सुकती हाय, पानी नसंल." मी म्हटलं, काल एक वाजता होतं ना, मग सोमवारी कुठे जाईल? भूगोलात मी जिल्ह्यात दुसरा होतो. तो जाळं विणायला लागला. पटलं असावं.

९ डिसेंबर, संध्याकाळ
पाणी नव्हतं. होड्या चिखलात आडव्या, पोरं लांब निवट्यांमागे. साहेबांनी विचारलं, शाळा कुठाय? मी म्हटलं, प्रात्यक्षिक चाललंय, जवळून बघा. साहेब दोन पावलं गेले आणि कमरेपर्यंत आत. पोरं धावली. बिगरीतल्या, पहिलीलाही न पोचलेल्या मैनाने 'बे एके बे' सुरू केलं. एका ओळीला सगळ्यांचा एक हिसका. 'बे दाहे वीस'ला साहेब बाहेर. बूट आतच. तरी त्यांनी डोकी मोजली. पन्नास! पाढे चोख आहेत म्हणाले, दुसरा शिक्षक मंजूर! माझ्याशी मात्र बोलले नाहीत. संकोची स्वभाव.

१७ डिसेंबर
दुसरा शिक्षक आला. उरणचे मकबूल मास्तर. नोकरीत माझ्याहून सीनियर, त्यामुळे हेडमास्तर तेच. आल्या आल्या त्यांनी बाळारामला तिथी विचारली. आज प्रतिपदा, सकाळी सुकती, पोरं चिखलात. म्हणजे शाळा दुपारी, भरतीला. दुपारी अख्खा पट हजर. यात कसली हुशारी? पंचांग कुणीही बघेल.

मला बिगरी दिली. फार वाईट वाटलं. दारातच उभा राहिलो. मैना चटईवर सरकली आणि म्हणाली, "गुरजी, तुमीपन बिगरीत? बसा, जागा हाय."

बसलो.