खुंटीवरची जाळीची टोपी

दादा,

तू उठशील तेव्हा मी डोंगरात असेन. तिन्ही शिखरं पालथी घालून संध्याकाळी येते. तू आलायस म्हणून निदान आजचा दिवस तरी मिळाला.

बाबांच्या गोळ्या ओट्यावर आहेत, जेवण झाकून ठेवलंय. ओरडले तर मनावर घेऊ नकोस, माझ्यावर रोजच ओरडतात.

उन्हाळा तोंडावर आलाय, वर चिलटांनी नुसता उच्छाद मांडलाय. जरा थांबलं की चावून चावून तोंड फोडून काढतात. सुजून आले तर हसू नकोस. चिलटांसाठी डोंगरात घालते ती माझी जाळीची टोपी मुद्दामच खुंटीवर ठेवलीय, तिला हात लावू नकोस. बाबा सारखे उठून तीच बघायला येतात. टोपी दिसली की त्यांना वाटतं, मी घरातच आहे.

छोटी