बाबांचा खर्ज

पिरोत, ४ नोव्हेंबर १९८६

चि. देसांका हीस,
व्लास्तादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर सुखरूप पोचला. बाबांचा मोठा व्हॉल्व्हचा जळाला, तरी पुढचा छोटा डबा, त्यांनी हाताने बांधलेला व्हॉल्व्हचा प्रीअॅम्प्लिफायर, शाबूत आहे. तो टाकवेना, म्हणून दोघांची गाठ मारून दिली. पण हे लग्न काही जमलं नाही बघ.

चर्चच्या गायनमंडळाची टेप लावली. सगळे लख्ख ऐकू येतात, पाद्रीबाबांचा खोकलासुद्धा. सगळ्यांच्या खाली बाबा जो एकच खर्जाचा सूर धरून ठेवायचे, तो तेवढा गायब. आई नेहमीसारखी स्पीकरला खुर्ची लावून बसली, जरा वेळाने उठली आणि म्हणाली की, तुम्ही दोघांनी मिळून त्यांना घराबाहेर काढलंत. तेव्हापासून धड जेवत नाही. संत निकोलाच्या आपल्या घरच्या सणाआधी काहीतरी कर बाई.

दाबून सुकवलेली सॉसेज पाठवतोय. जावईबापूंना एकट्याने खाऊ देऊ नकोस.

तुझा दादा

ल्युब्लियाना, १५ नोव्हेंबर

ती. दादास,
देसांकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. चूक टेपची नाही आणि नवल म्हणजे तुझीही नाही. डब्याच्या शेवटी बाबांनी लावलेला कपॅसिटर बारका आहे. त्यांच्या जुन्या अॅम्प्लिफायरची भूक चिमणीएवढी, त्याला तेवढं पुरायचं. हा ट्रान्झिस्टरवाला खादाड आहे. त्याच्यापुढे बारक्या कपॅसिटरमधून वरचे सूर निसटून जातात आणि खालचे दारातच अडकतात. सोबत वीसपट मोठा पाठवते. जुन्यावर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे, तो काढून हा लाव. प्लग काढून अर्धा तास थांब. आत वीज साठून राहते, आणि तुझ्यासारख्या इतिहासाच्या मास्तरांना ती ओळखत नाही.

दादा, एक मनातलं लिहिते. दर रविवारी मी फोन करते. आई नुसतं हो हो म्हणते आणि ठेवून देते. मी बाबांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान सोडून, लग्न करून इकडे आले, बाबांच्या शेवटच्या दिवसांत जवळ नव्हते, हे तिने माफ केलेलं नाही. तीन वर्षं सणाला यायचा धीर होत नाही तो यामुळेच. बाबांचा सूर परत मिळाला तर तिचा राग थोडा तरी उतरेल, एवढ्याच आशेवर आहे.

आईला माझा नमस्कार सांग, ती घेईल तर.

तुझी देसा

पिरोत, ३० नोव्हेंबर

चि. देसास अनेक आशीर्वाद.

बाबा परत आले. आई स्पीकरच्या लाकडाला गाल लावून बसली आणि टेप संपेपर्यंत उठली नाही.

मग मी सहज म्हटलं की, काया मावशीही वरच्या पट्टीत काय गोड गायलीय. तर आई म्हणाली की, काया कुठली, ती तर केव्हाची गप्प आहे. सगळेच गप्प आहेत, तीन वर्षं त्या टेपवर तुझे बाबा एकटेच गातात. मला वाटलं थट्टा करते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले की, वयाने वरचे सूर आधी जातात, खालचे राहतात. माझा आवाज बाबांसारखा जाड, म्हणून मला कधी कळलंच नाही.

मग फोनचं विचारलं. तिला नुसती खरखर ऐकू येते, देसा. काही कळत नाही म्हटलं तर पोरीला वाईट वाटेल, म्हणून हो हो म्हणते, आणि रडू फुटायच्या आत ठेवून देते. रविवारी सकाळपासून फोनपाशी बसलेली असते, याला मी आजवर हट्ट म्हणत होतो. राग तिला कधी नव्हताच.

यावर पोस्टाने पाठवण्यासारखा कुठला कपॅसिटर नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून ओळखते, तेव्हा तोंड दाखव. एकोणीस डिसेंबरला सण आहे. सणाच्या नैवेद्याचा गहू शिजवायला ती तुझी वाट बघणार आहे.

लोभ पत्रांतून पुष्कळ झाला, आता तो स्वतः घेऊन ये.

तुझा दादा

ता. क. लिहिताना आईने विचारलं की, देसाचा आवाज अजून तसाच आहे का. मी तिच्याकडे बघून होकाराची मान हलवली.