तू घेशील तवाच घास

माय, तुले जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चुलीजवळ पदर बाजूला करून पोटात इन्सुलिनची सुई टोचणारी तू मले आजही दिसते. फ्रिज नव्हता, म्हणून बाटली पाण्याच्या डेऱ्याखाली ओल्या रेतीत. सुई घेतली की लगेच ताट, हा कायदा तुझा, अन् मोडलाही तूच. त्या दिवशी सुई घेऊन पाहुण्यांले वाढत बसली अन् घामाघूम होऊन तिथंच पडली. मी तोंडात साखर घातली तेव्हा डोळे उघडले, अन् वरून मलेच म्हणते, "रडून काऊन राह्यली वं? पाहाय, भाकर करपली."

पुढं तुझी शुगर माझ्याकडं आली. शाळेत पोरं शिकवता शिकवता मी तिले पुरून उरले. कोरोनात मात्र हरत होते. शुगरवाल्यांले तो आधी धरतो म्हणे, म्हणून पोरानं मले माडीवरच्या खोलीत ठेवलं, जीव लावूनच. सून दारात ताट अन् इन्सुलिन ठेवून जायची, नातू खालूनच हात हलवायचा. आपल्या देऊळघाटचा रस्ता एवढा सामसूम मी जन्मात पाहिला नव्हता. दिवस दिवस भिंतीकडं तोंड करून पडायचे. कोणासाठी टोचून घ्यायचं, असं वाटू लागलं, अन् मी सुई बंद केली. खाली कोणाले सांगितलं नाही. जगायची इच्छाच मेली होती, माय.

शेजारची वहिनी, भाजीचा मळा करणारी, तीही शुगरवाली. आमच्या गच्च्या समोरासमोर, मधात हातभर बोळ. रोज सकाळी ओरडायची, "बाई, सुई घेतली का वं?" मी हाव म्हणायचे. एक दिवस चिडून म्हटलं, "नाही घेतली, अन् घेणारही नाही." तशी ती मांडीवर ताट घेऊन कठड्याजवळ बसली. "मी त घेतली. आता तू घेशील तवाच घास तोंडात घालीन." मी म्हटलं, नाटकं करू नको, जेव. ती हलेना. थोड्या वेळानं तिचे हात थरथरू लागले, कपाळ घामानं भिजलं, अन् मले चुलीजवळ पडलेली तू दिसली. अशी चवताळले मी! तिले शिव्या देत आत पळाले, इन्सुलिन आणलं, तिच्यासमोर टोचलं. तिनं घास घेतला, मग मी. दोघी रडत, हसत जेवलो. त्या दिवसापासून रोज तसंच जेवलो.

आता गावातल्या शुगरवाल्या बाया सकाळी आमच्या ओट्यावर जमतात. शुगर किती, हे विचारतोच, पण झोप लागते का, रडू येतं का, हेही विचारतो. एखादी गप्प बसू लागली की वहिनी तिच्या घरी जाऊन ठाण मांडते, हटत नाही. मीही आता कोणाले हटत नाही.

हे पत्र टाकायचं कुठं, तुझ्या गावाले पोस्ट नाही. पण खरं सांगू? आज सकाळपासून सुईचा कंटाळा आला होता, म्हणूनच तुले लिहीत बसले. वहिनी दोनदा ओरडून गेली. तिचं ताट वाढलेलं असंल. उठते, घेते.