बाहेर जाण्याची वेळ

२ जून, सोमवार
वर्तकनगरची नवी खोली हवेशीर आहे आणि वागळे इस्टेटमधला कारखाना तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. डोंबिवलीच्या महाविद्यालयात चौतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यानंतर निवृत्ती मला मानवेना. म्हणून रबरी वॉशर बनवणाऱ्या या कारखान्यात अठराखालील कामगारांची नोंदवही सांभाळण्याचे काम आनंदाने स्वीकारले. मुले पाच, सगळी पॅकिंगमध्ये. प्रत्येकाचे वयाचे व डॉक्टरचे प्रमाणपत्र, गळ्यात पितळी बिल्ला, येण्याची वेळ, जाण्याची वेळ. सायंकाळी सातनंतर यांपैकी कुणीही आत असता कामा नये. नियम स्वच्छ आहे. चहाही बरा आहे.

३ जून
वही परवा ताब्यात येईल. जुने कारकून बाबुराव सकाळीच, मुले आत येताक्षणी, सगळ्यांपुढे जाण्याची वेळ ‘सायं. ६’ अशी लिहून टाकतात. व्यवस्थापक विनिताबाईंच्या मते सगळीकडे असेच चालते. तपासनीस रकाना पाहतो, माणूस नव्हे. मी स्पष्ट सांगितले की, जे घडलेले नाही त्याची नोंद खोटीच असते. मूल फाटकाबाहेर पडताना स्वतः पाहिल्याखेरीज मी वेळ लिहिणार नाही. झाडू मारणाऱ्या हौसाबाई कुत्सित हसल्या. मास्तर, मग तुम्ही घरी कधी जाणार, असे त्यांनी विचारले. प्रश्न उत्तर देण्याजोगा नव्हता.

५ जून
वही देताना बाबुरावांनी एवढेच सुचवले की, ओळी मोजू नयेत. मी मोजल्या. मुले पाच, ओळी सहा. सहावी ओळ: कांता, वय सोळा. अंगठ्याच्या ठशाची शाई ओली. प्रमाणपत्र निर्दोष. पाच जण सहाला गेले. तिला जाताना पाहिले नाही. सबब रकाना कोरा ठेवला.

६ जून
हौसाबाईंना विचारले. कांता त्यांची नात. गेल्या वर्षी माणसे कमी पडली म्हणून तिला सातनंतर रबराच्या प्रेसवर उभे केले. पावणेआठला ती यंत्रात ओढली गेली, तिथेच दगावली. वहीत मात्र ती सहालाच घरी गेली होती. त्या आगाऊ नोंदीवर कारखाना सुटला. तेव्हापासून ती रोज येते. रोज बाबुराव सहा लिहीत आणि तिला जावे लागे. आता निदान एकाने तरी खरे लिहिले, हौसाबाई म्हणाल्या. पुन्हा खोटं लिहिलंत तर मात्र बघा.

९ जून
तिला पाहिले. माझ्या टेबलाशी उभी. उजवी बाही कोपरापासून रिकामी. काही मागत नाही. मी काय लिहितो, ते पाहते.

१० जून
उद्या तपासणी. विनिताबाईंनी बजावले, कोरे रकाने चालणार नाहीत. मी तत्त्व सांगू लागलो. मानेमागे जळक्या रबराचा वास—

११ जून
लिहिले. आजवरच्या प्रत्येक कोऱ्या रकान्यात ‘सायं. ६’. भीतीने, ती जावी म्हणून. युक्तिवाद नव्हता.
हौसाबाईंनी वही पाहिली, झाडू भिंतीला टेकवला आणि निघून गेल्या.
ती गेली नाही.

१२ जून
फाटक उघडे आहे. त्याच्याकडे चालतो, आणि पुन्हा टेबलाशीच येतो. रखवालदाराला हाका मारल्या— तो माझ्या आरपार पाहतो—
गळ्यात बिल्ला. मी घातलेला नाही.

आजच, किंवा
वहीत सातवी ओळ. माझे नाव, डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात. आत आल्याची वेळ आहे. जाण्याचा रकाना कोरा. सहा लिही म्हणालो. हात जोडले. ती म्हणते, तिने मला बाहेर पडताना अजून पाहिलेले—