डाव्या हाताचे पक्षी

१४ मार्च

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून कुणाचं काही झालं असं समजून घाबरू नकोस.

विषय चादरीचा आहे. आपण दोघींनी दोन वर्षं बसून भरलेली, तीच. इथल्या कलादालनात बायकांच्या भरतकामाचं प्रदर्शन लागणार आहे. तिथल्या बाई घरी आल्या, चादर बघून हरखल्या. "कुणी भरली?" मी म्हटलं, "मी." एवढंच बोलले.

टांगण्याआधी बाईंनी चादर उलटी केली. आईही आधी मागची बाजूच बघायची. बाई म्हणाल्या, "वेलींचे टाके एकीकडे कललेत, पक्ष्यांचे दुसरीकडे. हे दुसऱ्या कुणाचं काम आहे."

"कंटाळा आला की मी डाव्या हातानं भरते," मी ठोकून दिलं. त्या बिचाऱ्या खूश. म्हणाल्या, उद्घाटनाला लोकांसमोर तसाच एक पक्षी भरून दाखवा.

आठ दिवस स्वयंपाकघराचं दार लावून सराव केला. बोटांची चाळण झाली. एकच पक्षी पुरा झाला, तो बटाट्यासारखा दिसतो. सुई उजव्या हातात धर म्हणून लहानपणी मी तुझ्या मागे लागायचे. तू ऐकलं नाहीस, बरं केलंस.

काल जाऊन खरं सांगितलं. लाज वाटली. बाई रागावल्या नाहीत, पण माझं नाव लिहिलेलं कार्ड परत दिलं. म्हणाल्या, "बहिणीनं स्वतः नाव लिहून दिलं तर चादर लावू, नाहीतर घरी न्या." शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

घर सोडताना तू चादर मागितलीस, तेव्हा मी म्हणाले होते, "तुझं काय आहे त्यात?" तू पिशवी उचललीस. मला ते रोज आठवतं. काल तिथेच चादर जमिनीवर पसरून मोजले. एकतीस पक्षी आहेत, सगळे तुझे. ते काढले तर नुसता पाला उरतो.

सोबत कोरं कार्ड आहे. वरची ओळ तुझी. लिहावंसं वाटलं नाही तर फाडून टाक, चादर तरीही तुझ्याकडेच येईल.

वेली भरणारी,
ताई