मुलींच्या फायनलचं मैदान

सोम. ३ डिसें.
शालेय फुटबॉलच्या समितीत मला ओढलं. मुलींची फायनल कुठे घ्यायची, ते तिघांनी ठरवायचं: सचिव पटवर्धन (यापुढे प.), खराडीच्या सॉफ्टवेअर कंपनीचा एक टायवाला आणि मी. "तुम्ही पेपरात सगळ्यांनाच टोचता, म्हणजे निःपक्षपाती," इति प. मी आयुष्यात एकदाच फुटबॉल लाथाडला होता, तोही आपल्याच गोलात.
संघ दोन. वारज्याची मनपा शाळा, खराडीची इंग्रजी शाळा.

बुध. ५
खराडी. तिथल्या शाळेला कंपनीनं मैदान करून दिलंय. अस्सल हिरवळ. फवारे फिरतात, मधेच इंद्रधनुष्याचा तुकडा उभा राहतो, पुसला जातो. काचेच्या इमारतीमुळे आभाळ दोनदा दिसतं. चपला काढून चालत राहिलो. कशासाठी आलो होतो ते...
टायवाला : "सर, वर्ल्ड क्लास आहे ना?"
"आहे. फक्त पुण्यात नाही."

शुक्र. ७
वारजे. मुरूम. निम्म्या पोरी अनवाणी. धूळ उठते, चेंडू तिच्यात शिरतो आणि पलीकडून दुसरीच कुणी तो घेऊन बाहेर येते. किती वेळ बघत होतो कोण जाणे. त्यांच्या खेळाच्या कांबळेबाई लांबून दिसल्या. बोलणं झालं नाही.

शनि. ८
बैठक. टायवाला : खराडीलाच घेऊ, बस, नाश्ता कंपनीचा.
मी उसळलो. एका संघाच्या अंगणात फायनल? मग निकालही आजच छापून घ्या, म्हटलं, धावाधाव वाचेल!
प. माझ्या बाजूला. ठरलं, कोथरूडचं मैदान. तिथेही मुरूम, पण दोघांपैकी कुणाचंच नाही. येताना स्कूटर जमिनीपासून वीतभर वरून चालली होती.

सोम. १०
कांबळेबाई घरी आल्या. मी आभार स्वीकारायच्या तयारीत.
"कोथरूड आपण सुचवलंत म्हणे?"
"हो. तुमच्या मुलींच्या सवयीचं."
"सवय आहेच हो. पहिलीपासून तेच आहे. फायनलला पोचल्यापासून एकच धोशा, बाई, गवतावर खेळायचं. वहीत मैदानाची चित्रं काढतात. एकीनं तर गोल मारल्यावर गुडघ्यांवर घसरायचं ठरवलंय."
"पण बाई, खराडीच्या गवतावर हराल."
"हरू कदाचित. पण ते आमचं आम्ही हरू. आपण विचारायचं तरी होतं."
चहा न घेता गेल्या.

मंगळ. ११
प. ना फोन. निर्णय फिरवता येईल?
"अहो, शनिवारी भाषण कोणी ठोकलं? आता फिरवलंत तर लोक म्हणतील, कंपनीनं तुम्हाला जेवण घातलं." मग : "टायवाला तयारच आहे. तुमचं एक मत. गुरुवारी दहापर्यंत लेखी द्या."

बुध. १२
पुन्हा वारजे. या खेपेला विचारलं. गवत कुणाला हवंय? हात वर.
नऊ हात. गोलकीपर आणि कॅप्टन, दोघींचे खाली.
कॅप्टन : "काका, मला जिंकायचंय."
बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. हात मोजून न्याय होत असता तर मी कशाला हवा होतो?
निघताना कॅप्टन स्कूटरपाशी आली. "गवतावर चेंडू जास्त पळतो का कमी?"
"माहीत नाही गं."
"मग तुम्ही ठरवताय कसं?"

कागद पुढ्यात आहे. तारीख घातली, 'माझे मत' लिहिलं. डोळे मिटले की पोरी धावताना दिसतात, अगदी स्पष्ट, वेण्यांच्या रिबिनींसकट. पायाखाली काय आहे तेवढं दिसत नाही.