कुंडात ओतलेलं गार पाणी

चि. सेइजी,

गरम पाण्याच्या झऱ्यापासूनची लाकडी पन्हळ, एकही खिळा न मारता जोडलेलं देवदारी कुंड, वरचं छप्पर: आपल्या हॉटेलातलं हे सगळं मी कुणाकडे न शिकता हातांनी केलं. तू हे हॉटेल विकत घ्यायला टोकियोहून गिऱ्हाईक आणलंस. ते अंग न धुताच कुंडात उतरलं आणि "मेलो, भाजलो!" म्हणून किंचाळलं. तू लगेच बादलीभर गार पाणी ओतलंस. वर मलाच म्हणालास, "दादा, एवढ्यानं काय बिघडतंय?"

अरे, पाणी फळीने घुसळून निववतात, हे इथली शेंबडी पोरंही जाणतात. गार पाण्याने झऱ्याचा कस जातो. अशा माणसाला झरा विकायचा? तुझ्यावर पोस्टाचं तिकीटही वाया घालवणार नाही, म्हणून हे पत्र इथेच राहील. जाताना त्या गिऱ्हाइकाने झऱ्यासकट हॉटेलचे नऊ कोटी येन देऊ केले. मी नको म्हणालो.

तुझा थोरला,
मोरिहेई